अकरा खुंट

नाताळ उलटून तीन आठवडे झाले तरी थंडी हलायचं नाव घेत नव्हती. गावतळ्यावरचा बर्फ आधी बदकांना पेलत होता, आता भरलेली बैलगाडी पेलू लागला. जमीन अशी आवळली होती की मेलेल्याला खड्डा खणता येईना. मार्लकोट गावची दोन मयतं कापडात शिवून चर्चच्या कोठीत ठेवली होती, बर्फ वितळायची वाट बघत.

अशा जमिनीत गाइल्स खुंट ठोकत होता. आधी पहारीनं भोक पाडायचं, मग खुंट उभा धरायचा, मग लाकडी मोगरीनं वरून हाणायचं. दोन खुंटांमधल्या काटेरी झाडाचा बुंधा तिरपा कापायचा, सालीपुरता जोडलेला ठेवायचा, वाकवून आडवा घालायचा आणि वरून हेझलच्या झुडपाच्या लांब फोका गुंफायच्या. असं घातलेलं कुंपण जिवंत राहतं, उन्हाळ्यात पालवतं. मेंढीला सोडा, सशालाही वाट देत नाही. गाइल्सचा बाप हेच काम करायचा, आणि पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. आता गाइल्सच्या तोडीचा नव्हता.

फरक एवढाच, की बापानं कुंपणं घातली ती शेतांना. गाइल्स घालत होता ते गायरानाला.

धन्यांनी गायरान आपल्या मेंढ्यांसाठी वेढायला घेतलं, त्याला दोन सालं झाली. गावाच्या गायी तिथं चरायच्या, तिथलीच फाटी गावच्या चुलीत जळायची. आता आत पाऊल टाकलं तर गुन्हा. कुंपणाची काडी मोडली तर पूर्वी खोडा होता. दिवसभर पाय अडकवून बसायचं, पोरांचे शेणगोळे खायचे, संध्याकाळी घरी जायचं. पण नाताळच्या आदल्या रविवारी पाद्र्यानं चर्चमध्ये नवा हुकूम वाचून दाखवला होता. यापुढं खोडा नाही. गाडीमागं बांधून फटके, रक्त दिसेपर्यंत. बाई असो वा बाप्या.

"पुन्हा मोज," कारभारी पिअर्स घोड्यावरूनच म्हणाला.

गाइल्सनं पुन्हा मोजलं. ओढ्याकडच्या बाजूला कुंपणात खिंडारं पडली होती. खुंट उपटून नेले होते आणि वरच्या फोका जमिनीवर लोंबत होत्या.

"अकरा, कारभारी."

"काल किती होते?"

"काल मी वरच्या अंगाला होतो. इकडं आलो नाही."

"आलो नाही!" पिअर्सनं नाक ओढलं. त्याच्या मिशीवर गोठलेले थेंब होते. "धनी मला विचारतात, पिअर्स, तुझा तो कुंपणवाला झोपा काढतो का? मी काय सांगू? चल, कोयता ठेव. राल्फला बोलावलंय. घरं बघायची."

"मी कशाला?"

"मग लाकूड ओळखायचं कोणी? मी?"

पलीकडच्या वाटेनं म्हातारा बार्नबी काठी टेकत चालला होता. खांद्यावर पोतं, पोत्यात शेणाच्या चार गोवऱ्या. तो थांबला, घोड्याकडे बघून टोपी काढली, आणि घोडा वळल्यावर गाइल्सला म्हणाला, "काय गाइल्स, गायरान कोंडून झालं, आता माणसं कोंडायला निघालास का? तुझ्या बापाची तांबडी गाय इथंच चरायची रे. तिचं दूध पिऊन वाढलास."

गाइल्सनं कोयता कुंपणाशी ठेवला आणि घोड्यामागं चालू लागला.

त्या साली कॉन्स्टेबलकी राल्फच्या वाट्याला आली होती. राल्फ जोडे शिवायचा. कॉन्स्टेबलकी पाळीनं यायची, नाही म्हणता येत नसे. हातातली काठी कशी धरावी हेही त्याला धड जमत नव्हतं. पहिल्या घराच्या दारात तो खाकरला आणि म्हणाला, "राणीच्या नावानं... म्हणजे, जरा आत यायचंय, बाई."

एकेक घर झालं. गवताची अंथरुणं उलटली, मडक्यांत डोकावून पाहिलं, कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातले. एका घरात म्हातारा-म्हातारी एकाच पांघरुणात दिवसाढवळ्या झोपली होती, चुलीत राख थंड. पिअर्सनं काठीनं पांघरूण वर उचललं. म्हातारीनं डोळे उघडून गाइल्सकडे पाहिलं. तिनं त्याच्या बारशाला, चर्चमध्ये, त्याला हातांवर धरलं होतं. गाइल्स छपराकडे बघत राहिला.

कुठं काही सापडेना. पिअर्सचा पारा चढत चालला.

ओढ्याजवळ शेवटची दोनच घरं राहिली. आधी विधवा ऑड्रीचं, मग गाइल्सचं.

ऑड्री दारातच उभी होती, हात कमरेवर. तिचा नवरा दोन वर्षांमागं खाणीतल्या दगडाखाली गेला होता. घरात दोन मुली. "या, या," ती म्हणाली. "कारभारी, पाय पुसून या हं, गालिचे घातलेत." घरात मातीची जमीन, तीही ओलसर.

पिअर्सनं चुलीतली राख काठीनं ढवळली. राखेखालून एक जळकं टोक निघालं. वीतभर राहिलं होतं. त्यानं ते गाइल्सच्या पुढ्यात टाकलं.

"बघ."

बघायची गरज नव्हती. बाकीचे लोक खुंटाला चार घाव घालून टोक काढतात. गाइल्स तीन घाव घालायचा, बापानं शिकवलं तसे. जळून काळं पडलं होतं तरी तीन बाजू स्वच्छ दिसत होत्या.

"तुझा घाव?"

"होय," गाइल्स म्हणाला.

इतक्या पटकन म्हणाला की राल्फनंही मान वर केली. ऑड्री त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती काहीतरी तोलून बघत असावी असं गाइल्सला वाटलं.

"कुठून आणलंस?" पिअर्सनं तिला विचारलं.

"वाटेत सापडलं."

"आणि बाकीचे दहा?"

"तेही वाटेतच असतील. वाट लांब आहे."

पिअर्सनं थोबाडीत मारली तेव्हा मोठी मुलगी किंचाळली. राल्फनं दोरी काढली. गाठ बसेना, तेव्हा ऑड्रीनंच मनगटं जवळ धरून दिली. "जोडे बरे शिवतोस तू," ती म्हणाली. मग गाइल्सकडे वळून, "मुली तुझ्या सिबिलकडे पाठवते. तेवढं तरी कर."

पुढचं दार गाइल्सचंच होतं. पिअर्सनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. घोडा वळवला आणि म्हणाला, "झालं. चोर सापडला."

घरात आल्यावर गाइल्सनं हातातले मेंढीच्या कातड्याचे मोजे काढले. बोटं काळीनिळी पडली होती. सिबिल, त्याची बायको, वाटाण्याची पेज ढवळत होती. कोपऱ्यात चुलीला लागून आई झोपली होती, छातीत घरघर. ऑड्रीच्या दोन्ही मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातांत पेजेचा एकच वाडगा.

"तिला कुठं ठेवलंय?" सिबिलनं विचारलं.

"चर्चच्या घंटेखालच्या कोठीत."

"मयतांबरोबर?"

गाइल्सनं मान डोलावली. सिबिलनं पळी खाली ठेवली. मुलींना म्हणाली, "जा गं, शेळीला पाला टाकून या." त्या गेल्या. मग ती इतक्या हळू बोलली की आईच्या घरघरीखाली शब्द बुडाले असते.

"ते लाकूड मी दिलं तिला."

"गप्प बस."

"तिची धाकटी काळीठिक्कर पडली होती थंडीनं. मी माझ्यातलं एक दिलं. चार आणले होते मी."

"गप्प बस म्हणतो ना!"

"तुझी आई पंधरा दिवस कशानं जगली असं वाटतंय तुला? शेणाच्या गोवऱ्यांनी?" सिबिलनं चुलीकडे बोट दाखवलं. "रोज संध्याकाळी येतोस, चुलीपुढं पाय पसरतोस, शेकतोस. एकदा तरी विचारलंस, सिबिल, जळण कुठलं?"

विचारलं नव्हतं.

"चारच?" तो म्हणाला. "अकरा गेलेत."

"बाकीच्यांना काय थंडी वाजत नाही?" ती म्हणाली. "मी चार आणले. उद्या निवाड्याला दिवाणजींसमोर उभी राहून सांगणार. तिच्या पाठीवर माझे फटके नकोत मला."

"आणि आईला कोण बघणार? मी कामावर..."

"काम!" सिबिल म्हणाली. एवढंच म्हणाली, पण गाइल्सला तोंडावर थुंकल्यासारखं झालं.

कोपऱ्यातून आई पुटपुटली, "मुलांनो, दार लावा. वारं येतंय." दार लावलेलंच होतं.

सकाळी सिबिलनं धुतलेली पांढरी टोपी घातली. तोंड धुताना मडक्यातला बर्फ फोडावा लागला. ती गाइल्सच्या पुढं चालत राहिली, एकदाही मागं वळली नाही.

निवाडा धन्यांच्या हवेलीतल्या लांब दालनात होता. धनी स्वतः शहरात होते. त्यांच्या खुर्चीत दिवाणजी बसले होते, पायाशी विस्तवाची शेगडी. अर्धा गाव भिंतींशी दाटला होता, आणि सगळ्यांची नजर शेगडीवर होती. ऑड्रीला आणलं. रात्रभरात तिचे ओठ फुटले होते, एका बाजूचा गाल सुजला होता. सिबिल गर्दीतून सरकत तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"गाइल्स कुंपणवाला," दिवाणजी म्हणाले. "पुढं ये. पवित्र पुस्तकावर हात ठेव."

पुस्तकाचं कातडं गार होतं. गाइल्सनं त्यावर तळवा ठेवला. हाताच्या भेगांत माती होती. पुसायला हवा होता, असं त्याला उगाच वाटलं.

"हा खुंट तुझ्या हातचा?"

"होय, साहेब."

"धन्यांच्या कुंपणातला?"

"होय."

"या बाईच्या चुलीत सापडला?"

"होय."

"झालं तर." दिवाणजींनी लेखणी दौतीत बुडवली.

"नाही झालं, साहेब," गाइल्स म्हणाला.

लेखणी थांबली. पिअर्सनं मान वळवली. गर्दीत सिबिलनं पाऊल उचललं होतं, तोंड उघडलं होतं. आता तीही थबकली.

"तिच्याकडे तो माझ्या घरातून गेला. आधी माझ्या घरात आला होता."

"तुझ्या घरात? कोणी आणला?"

"घर माझं आहे, साहेब."

"मी कोणी आणला ते विचारतोय."

"चूल माझी. आई माझी. ऊब मी घेतली. घरातल्या चुकीला घरधनी जबाबदार असं आपणच गेल्या साली याच ठिकाणी सांगितलंत. बार्नबीबाबांच्या डुकरीनं वाटाण्याचं शेत तुडवलं तेव्हा. तेव्हा डुकरीला कोणी विचारलं नव्हतं."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कोणी. दिवाणजींनी टेबलावर मूठ आपटली तेव्हा दालन पुन्हा चिडीचूप झालं.

सिबिल पुढं यायला निघाली. गाइल्सला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. ऑड्रीचे हात बांधलेले होते. तिनं आपला पाय सिबिलच्या झग्याच्या काठावर ठेवला आणि सगळा भार टाकला. कापड ताणलं गेलं. "म्हातारीला कोण बघेल?" ती ओठ न हलवता म्हणाली. "माझ्या मुलींना कोण बघेल? उभी राहा गुमान."

"अकरा खुंट गेलेत," दिवाणजी म्हणाले. "अकराच्या अकरा तुझ्या घरात आले?"

चार. गाइल्सनं गर्दीवर नजर फिरवली. काल ज्यांची अंथरुणं उलटली होती ते सगळे होते. एकेकानं नजर खाली घातली. गिरणीवाल्याच्या बायकोनं टोपीची नाडी सोडून पुन्हा बांधली. बार्नबी छताकडे बघत होता. पुस्तकावर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याचं काय होतं ते पाद्री दर रविवारी सांगायचा. हात अजून पुस्तकावरच होता.

"अकराच्या अकरा," तो म्हणाला.

पिअर्स म्हणाला, "खोटं बोलतोय, साहेब. कोणाला तरी वाचवतोय."

"असेल," दिवाणजी म्हणाले. त्यांना जेवायला उशीर होत होता. "पण शपथेवर कबूल करतोय. बाईला चोरीचा माल घेतल्याबद्दल एक दिवस खोडा. याला गाडीमागं फटके, हवेलीपासून चर्चपर्यंत. आताच."

फाटकाबाहेर शेणखताची गाडी उभी होती. तिच्या मागच्या फळीला गाइल्सचे हात बांधले. कमरेपर्यंत कपडे उतरवले तेव्हा थंडीनंच पहिला फटका मारला, छाती आखडून श्वास अडकला. राल्फ मागं आला. आसूड हातात घेऊन तो नुसता उभा होता.

"हळू मारतो," तो कुजबुजला.

"पिअर्स बघतोय. हळू मारशील तर तुला बांधतील. मार."

गाडी हलली. पहिल्या चार-पाच फटक्यांना गाइल्सला मोजता आलं. मग मोजणं सुटलं. बर्फाळ वाटेवर पाय घसरत होते. घसरला की दोरी मनगटं ओढायची आणि गुडघे दगडांवर घासायचे. थंडीनं कातडं इतकं ताणलं होतं की ते लवकर फाटलं. पाठीवरून काहीतरी गरम ओघळलं, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, ती ऊब त्याला बरी वाटली. त्या वाटण्याची त्याला पुढं आयुष्यभर लाज वाटत राहिली.

"रक्त आलं, कारभारी!" राल्फ ओरडला. आवाज रडका होता.

"चर्च अजून आलं नाही," पिअर्स म्हणाला.

लोक दोन्ही बाजूंनी चालत होते. कोणी काही फेकलं नाही. कोणी काही बोललंही नाही. फक्त तळ्याच्या वळणावर बार्नबी गाडीला खेटून आला आणि म्हणाला, "लागते का रे थंडी? आम्हांला दोन सालं लागतेय." मग चार पावलं तसाच बरोबर चालला, आणि गाइल्सचा पाय घसरला तेव्हा आपली काठी त्याच्या काखेखाली घालून त्याला वर उचललं. पिअर्स खेकसला तसा तो मागं राहिला.

तीन दिवस गाइल्स गवतावर पालथा पडून होता. सिबिलनं जखमांना डुकराची चरबी लावली, पेज भरवली, उचलून बसवलं. सगळं केलं, पण एक शब्द बोलली नाही. ऑड्री खोड्यातून सुटली तशी मुलींना घेऊन गेली. जाताना गाइल्सच्या पाठीकडे तिनं नीट बघितलं, "बसेल भरून," म्हणाली. बाकी काही नाही.

चौथ्या दिवशी पिअर्सचा माणूस दारात आला. आत न येता त्यानं निरोप सांगितला. कुंपणवाला दुसरा मिळत नाही. सोमवारी अकरा खुंट जागेवर दिसले तर काम चालू आणि घरही चालू. नाहीतर घर धन्यांचं आहे.

सोमवारी गाइल्स उठला. खांद्यावर मोगरी घ्यायला गेला आणि हात कमरेच्या वर जाईना. पाठीवरची खपली तडकली. सिबिलनं त्याच्या हातातून मोगरी काढून घेतली, पहार घेतली, आणि चालू लागली.

ओढ्याकाठी धुकं होतं. सिबिलनं पहार उचलून जमिनीत मारली. तिसऱ्या घावाला ढेकूळ फुटलं. गाइल्सनं गुडघ्यांवर बसून खुंट उभा धरला. तिनं मोगरी घातली. पहिल्या फटक्याला नेम चुकला आणि खुंटाची कड उडाली.

"वरच्या टोकाकडे बघ," तो म्हणाला. "मोगरीकडे बघू नकोस."

तीन खुंट झाले. चौथा धरला तेव्हा तिनं मोगरी खाली टेकवली. धापा टाकत होती. तोंडातून वाफा निघत होत्या.

"गिरणीवालीनं काल मला विहिरीवर वाट दिली," ती म्हणाली. फटक्यांनंतरचं तिचं पहिलं वाक्य. "मागं सरून उभी राहिली. 'तू भर आधी, सिबिल.' ती खाष्ट बाई कोणाला वाट देत नाही. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. 'नवऱ्याला पुढं करून आपण टोपी घालून उभी राहिली ती हीच,' असं."

"कोणी असं म्हणालं नाही."

"म्हणायला कशाला लागतंय! मी सांगणार होते. चूक माझी होती, फटके माझे होते, तोंड माझं होतं. तू मला विचारलंस? माझ्यावर उपकार केलास, गाइल्स. आता जन्मभर तुझी पाठ धुताना ते धूत बसायचं मी."

"उपकार नाही," गाइल्स म्हणाला.

"मग काय?"

तो खुंट धरून बसला होता. गुडघ्यांखालचा बर्फ विजारीतून आत झिरपत होता. हे बोलायचं नव्हतं. गाडीमागं चालतानाही त्याला वाटत होतं, एवढ्यानं फिटेल, न बोलता फिटेल. फिटलं नव्हतं.

"ऑड्रीच्या घरात पिअर्सनं ते टोक दाखवलं," तो म्हणाला. "मी हो म्हणालो."

"तुझाच घाव होता. काय म्हणणार?"

"ओळखत नाही म्हणता आलं असतं. जळून कोळसा झाला होता. माझ्याशिवाय कोणाला कळलं असतं?" त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "आपल्या चुलीत काय जळतंय ते मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. आणि पुढचं दार आपलं होतं. शोध तिच्या घरी थांबावा म्हणून मी हो म्हणालो. तिला दोन मुली आहेत हे बघत बघत म्हणालो."

धुक्यात कुठंतरी धन्यांच्या मेंढ्या ओरडत होत्या. तिनं मोगरीचा दांडा दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"तिला ठाऊक आहे?" तिनं विचारलं.

"तेव्हाच कळलं तिला."

"आणि तरी तिनं माझ्या झग्यावर पाय ठेवला."

"होय."

सिबिलनं मोगरी डोक्यावर उचलली. गाइल्सचे दोन्ही हात खुंटाला होते, टोकापासून वीतभर खाली.

"हात काढ," ती म्हणाली.

त्यानं काढले नाहीत. हात काढले तर खुंट तिरका जातो, कुंपण तिथूनच पडतं. आणि दुसरंही एक कारण होतं, ते त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. मोगरी तशीच वर राहिली. तिचे दंड थरथरायला लागले. त्यानं डोळे मिटले नाहीत.

मोगरी खाली आली. खुंटाच्या बरोबर डोक्यावर. झिणझिण्या त्याच्या कोपरापर्यंत चढल्या.

"झाले चार," सिबिल म्हणाली. "माझे झाले. आता बाकीचे."

तिनं पहार उचलली आणि पुढच्या भोकाकडे गेली. सातवा बसला तेव्हा तिनं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "संध्याकाळी ऑड्रीकडे जायचं. तू बोलायचंस. मी दारात उभी राहीन."

"ती हाकलून देईल."

"मग उद्या पुन्हा जायचं," सिबिल म्हणाली. "धर. सरळ धर."